थांबलेल्या संदेशांचा हिशेब

प्रीपेड मोबाइल आपल्या अंगवळणी पडून जमाना झाला. प्रीपेड विजेचं तसं नाही. दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादला वीज पुरवते ती मेरठला मुख्यालय असलेली पश्चिमांचल विद्युत वितरण निगम. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं, त्यात उत्तर प्रदेशही आला. या मीटरच्या पोटात एक रिले असतो. शिल्लक संपली की दुरून आज्ञा येते, रिले उघडतो आणि पंखा फिरायचा थांबतो. पैसे भरले की दुसरी आज्ञा येते आणि रिले मिटतो. जूनच्या दुपारी इंदिरापुरमच्या चौदाव्या मजल्यावर बसलेल्या माणसाला या दोन आज्ञांमधलं अंतर किती मोठं वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

पैसे भरल्याचा मेसेज मोबाइलवर लगेच येतो, दिवे मात्र थोड्या वेळाने लागतात. त्या थोड्या वेळात बरंच काही घडतं. बँकेकडून भरण्याची खबर बिलिंगच्या संगणकाकडे जाते. तिथून ती मीटरच्या नोंदी सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे, तिथून मीटरशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या ‘हेड-एंड’ यंत्रणेकडे आणि मग मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यातून भिंतीवरच्या मीटरपर्यंत पोचते. मीटर आज्ञा पाळतो आणि ‘केलं’ अशी पोच उलट्या वाटेने धाडतो. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कंपनीने, वेगळ्या भाषेत लिहिलेला आणि वेगळ्या वेगाने चालणारा असतो. प्रत्येकाने पुढच्याला फोन लावून उत्तर येईपर्यंत कानाला लावून बसायचं ठरवलं, तर एक अडकला की मागचे सगळे अडकतात. म्हणून मधे एक मध्यस्थ बसवतात. त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात.

ब्रोकरचं काम कळायला गिरणी आठवावी. दळण घेऊन आलेला माणूस डबा ठेवतो, चिठ्ठी लावतो आणि निघून जातो. गिरणीवाला सवडीने, ओळीने डबे घेतो. डबा ठेवणाऱ्याला गिरणीवाला मोकळा असण्याची गरज नाही आणि गिरणीवाल्याला डब्याच्या मालकाने समोर उभं राहण्याची गरज नाही. फरक एवढाच की ब्रोकर स्वतः काही दळत नाही. तो फक्त डबे सांभाळतो, ज्याचे त्याला देतो, आणि पोच मिळाल्याशिवाय डबा आपल्या यादीतून काढत नाही.

या कल्पनेच्या इतिहासात दोन मराठी नावं ठळक आहेत आणि ती आपल्याकडे हवी तितकी घेतली जात नाहीत. पहिलं विवेक रणदिवे यांचं. मुंबईत जुहूला वाढलेले रणदिवे एमआयटीत शिकले, हार्वर्डमधून एमबीए झाले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. संगणकाच्या आतले सुटे भाग एका सामायिक तारेवर, ‘बस’वर, एकमेकांशी बोलतात, मग वेगवेगळ्या प्रोग्रामांनाही अशी एक बस का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून ‘द इन्फर्मेशन बस’ आली. वॉल स्ट्रीटवर तोवर एकेका दलालाच्या टेबलावर निरनिराळ्या कंपन्यांचे भाव दाखवणारे पडदे रचून ठेवलेले असत. बसमुळे भाव एकदा प्रसिद्ध करायचा आणि ज्याला हवा त्याने त्या विषयाची वर्गणी लावायची, अशी सोय झाली. १९९४ मध्ये रॉयटर्सने ही कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये त्यातूनच टिब्को उभी राहिली.

दुसरं नाव नेहा नारखेडे यांचं. पुण्यात वाढलेल्या, पीआयसीटीमधून अभियंता झालेल्या आणि पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेकला शिकलेल्या नारखेडे लिंक्डइनमध्ये होत्या. तिथे जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत त्यांनी काफ्का ही यंत्रणा बांधली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. काफ्का रूढ अर्थाने रांग नाही, रोजकीर्द आहे. संदेश वाचला तरी तो पुसला जात नाही; ठरलेली मुदत, बदल न केल्यास सात दिवस, तो तिथेच राहतो आणि वाचणारा आपण कुठवर वाचलं त्याची खूण ठेवतो.

या दोघांच्या मधल्या काळात आयबीएमचं एमक्यू १९९३ मध्ये आलं आणि बँकांमध्ये घट्ट बसलं. २००३ मध्ये जेपीमॉर्गन चेसच्या जॉन ओहारा यांनी एका कंपनीच्या ब्रोकरला बांधून न घेणारा, सर्वांना खुला असा संदेशांचा करार लिहायला घेतला. त्याचं नाव एएमक्यूपी. त्या करारावर २००७ मध्ये रॅबिटएमक्यू आला. साधारण त्याच दशकात अपाचेच्या छत्राखाली ॲक्टिव्हएमक्यू वाढला. आज भारतातल्या मध्यम आकाराच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत यांपैकी एखादा चालू असण्याची शक्यता दाट आहे. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये दिवसभर काम करून संध्याकाळी गाझियाबादला घरी परतणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या फोनवर रात्री दोन वाजता जो इशारा वाजतो, तो याच मंडळींपैकी कुणाचा तरी असतो.

इशारा वाजला की ते पहिल्यांदा उघडतात तो वेब कन्सोल.

ब्रोकर हा पडद्यामागचा प्राणी. त्याला स्वतःचा चेहरा नाही. तो सर्व्हरवर गुपचूप चालतो आणि बिनसला तर दोष दुसऱ्याच्याच नावावर जातो. ‘पैसे भरले तरी वीज आली नाही’ अशी तक्रार करणारा वीज कंपनीला शिव्या देतो, कंपनी बँकेकडे बोट दाखवते आणि संदेश मात्र मधल्या रांगेत निवांत पडलेला असतो. कन्सोल म्हणजे या रांगांवर लावलेली खिडकी. रॅबिटएमक्यूमध्ये व्यवस्थापनाचं प्लगइन सुरू केलं की सर्व्हरच्या १५६७२ क्रमांकाच्या पोर्टवर ती ब्राउझरमध्ये उघडते. ॲक्टिव्हएमक्यूची ८१६१ वर. खुद्द काफ्काबरोबर असा कन्सोल येतच नाही. त्यासाठी एकेएचक्यू, काफड्रॉप किंवा कॉन्फ्लुएंटचं कंट्रोल सेंटर असं काहीतरी वेगळं लावावं लागतं. मला हे काफ्काचं जरा उद्धटपणच वाटत आलं आहे.

रॅबिटएमक्यूच्या ‘क्यूज’ पानावर दर ओळीला एक रांग. तिच्यापुढे तीन आकडे असतात. ‘रेडी’ म्हणजे कुणी न्यायला न आलेले संदेश. ‘अनॲक्ड’ म्हणजे कुणीतरी नेलेले, पण ज्यांची पोच अजून आलेली नाही असे. ‘टोटल’ ही दोघांची बेरीज. त्यांच्या उजवीकडे वेग दिसतात: सेकंदाला किती संदेश आत येतात, किती दिले जातात, कितींची पोच येते. आकडे पाच-पाच सेकंदांनी बदलतात. नवशिक्या माणसाची नजर बेरजेवर खिळते आणि बेरीज मोठी दिसली की त्याला घाम फुटतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

हिशेबासाठी एक उदाहरण रचू. समजा, शहरातले एक लाख मीटर दर अर्ध्या तासाला आपापलं वाचन धाडतात. सगळ्यांची घड्याळं जुळलेली, त्यामुळे एक लाख वाचनं पहिल्या दोन मिनिटांतच येऊन धडकतात, म्हणजे सेकंदाला आठशेच्या वर. पलीकडे वाचनं घेऊन डेटाबेसमध्ये लिहिणारे पाच प्रोग्राम आहेत आणि पाचही मिळून सेकंदाला २०० वाचनं उरकतात. दोन मिनिटांत त्यांनी २४ हजार उरकली. ७६ हजार साचली. कन्सोलवर हा आकडा भीतिदायक दिसतो. पण आवक थांबली आहे आणि उपसा चालू आहे. पुढच्या ३८० सेकंदांत रांग शून्यावर येते. साडेआठ मिनिटांच्या आत सगळं आटोपतं आणि उरलेली एकवीस मिनिटं पाचही प्रोग्राम माश्या मारत बसतात. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. ही रांग ठणठणीत आहे. ब्रोकर बसवला तोच मुळी या ७६ हजारांना काही मिनिटं सांभाळायला.

आता समजा, डेटाबेसमधल्या एका तक्त्याची सूची कुणीतरी काढून टाकली आणि लिहिण्याचा वेग २०० वरून ५० वर आला. अर्ध्या तासात १,८०० सेकंद. ५० च्या वेगाने ९० हजार वाचनं उरकतात, १० हजार मागे राहतात. पहिल्या फेरीत शिखर ७६ हजारांऐवजी ९४ हजारांवर जातं. मोठा फरक वाटत नाही. इशाऱ्याची मर्यादा कुणी एक लाखावर लावली असेल तर पहिल्या फेरीला काहीच वाजत नाही. पण पुढची लाट येते तेव्हा १० हजार आधीच साचलेले असतात, तिच्या पुढच्या लाटेला २० हजार. चोवीस तासांत ४८ लाटा म्हणजे ४ लाख ८० हजारांचं ओझं. हा रोग शिखर पाहून ओळखायला गेलं तर उशीर होतो. दोन लाटांच्या मधे रांग तळाला टेकते की नाही हे पाहिलं, तर पहिल्या तासातच कळतो. अनुभवी ऑपरेटर म्हणूनच ‘रांग किती आहे’ असं विचारत नाही, ‘शेवटची शून्यावर कधी होती’ असं विचारतो.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय म्हणजे घेणारे वाढवा, पाचाचे दहा करा. वरच्या उदाहरणात त्याने उलटंच होईल. अडचण डेटाबेसमध्ये आहे. त्याच्या दारात दहा जणांनी धक्काबुक्की केली तर तो आणखी मंदावेल. कन्सोल रांग दाखवतो, कारण दाखवत नाही. कारण बहुतेक वेळा रांगेच्या पलीकडे असतं.

तरीही ते कुठल्या दिशेला शोधायचं हे तेच तीन आकडे सांगतात. रेडी वाढतो आहे, अनॲक्ड शून्य आणि घेणाऱ्यांची संख्याही शून्य: घेणारे प्रोग्राम मेले किंवा कुणी नवी आवृत्ती चढवून ते सुरू करायला विसरलं. हा सगळ्यात सोपा प्रकार. दुसऱ्या प्रकारात घेणारे पाच दिसतात, रेडी वाढतो आहे, अनॲक्ड २५० वर खिळलेला आणि पोचेचा वेग शून्य. या २५० चा अर्थ लागला पाहिजे. प्रत्येक घेणाऱ्याला एका वेळी पोच न देता जास्तीत जास्त किती संदेश हातात ठेवता येतील याची मर्यादा असते, तिला प्रीफेच म्हणतात. ती ५० असेल आणि घेणारे पाच, तर २५० म्हणजे पाचही जणांचे हात भरलेले. ते जिवंत आहेत, ब्रोकरशी जोडलेलेही आहेत, पण काम पुरं होत नाही. ते कुणाची तरी वाट पाहत अडकलेत: डेटाबेसच्या कुलपाची, उत्तर न देणाऱ्या एसएमएस सेवेची, नाहीतर एकमेकांची. सर्व्हर तपासणाऱ्या साध्या यंत्रणेला मात्र सगळं आलबेल दिसतं, कारण पाचही प्रोग्राम चालू आहेत.

रॅबिटएमक्यू अशा अडकलेल्यांची किती वाट पाहतो? बदल केला नसेल तर तीस मिनिटं. तेवढ्यात पोच आली नाही तर तो त्या घेणाऱ्याची वाहिनी तोडतो आणि संदेश परत रांगेत टाकतो. म्हणजे तोच संदेश दुसऱ्यांदा दिला जाणार. पहिल्या घेणाऱ्याने काम अर्धं केलं होतं की पुरं, हे ब्रोकरला कळायला मार्ग नाही. मीटरच्या वाचनाचं दोनदा आगमन चालून जातं; मीटरचा क्रमांक आणि वेळ तीच असेल तर नोंद तीच राहते. ‘रिले मिटव’ ही आज्ञा दोनदा गेली तरी बिघडत नाही. ‘खात्यात ५०० रुपये जमा कर’ दोनदा गेली तर हिशेब बिघडतो. म्हणून पैशाच्या संदेशाला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा आणि घेणाऱ्याने तो क्रमांक आधी पाहिला आहे का हे तपासलं पाहिजे. ही काळजी ब्रोकर घेत नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याने घ्यायची असते. आणि ती घेतलेली नाही हे बहुधा अशाच एखाद्या रात्री उघडकीला येतं.

याहून खट्याळ प्रकार म्हणजे विषारी संदेश. समजा, पत्त्यात पिनकोडची जागा रिकामी असलेला एक संदेश आला. घेणाऱ्या प्रोग्रामला तिथे २०१००१ सारखे सहा आकडे हवे असतात; रिकामी जागा दिसताच तो कोसळतो. पोच गेली नाही, म्हणून ब्रोकर संदेश परत रांगेत घेतो, तोही जमल्यास होता त्याच जागी, म्हणजे पुढेच. प्रोग्राम पुन्हा उभा राहतो, पहिलाच संदेश उचलतो, पुन्हा कोसळतो. एका रिकाम्या रकान्यापायी हजारो निरोगी संदेश मागे खोळंबतात. कन्सोलवर याची खूण ओळखीची आहे: ‘रीडिलिव्हर्ड’चा वेग चढलेला, पोच नाही, घेणाऱ्यांचा आकडा सारखा पाच-चार-पाच-तीन असा नाचतोय.

यावरचा उपाय म्हणजे एक अडगळीची रांग, डेड लेटर क्यू. ठराविक वेळा प्रयत्न फसला की संदेश तिकडे टाकायचा आणि पुढे जायचं. ॲक्टिव्हएमक्यूमध्ये ही सोय मुळातच आहे: सहा पुनर्प्रयत्नांनंतर संदेश ‘ॲक्टिव्हएमक्यू.डीएलक्यू’ नावाच्या रांगेत जातो. रॅबिटएमक्यूमध्ये ती आपण मांडावी लागते, आणि सुदैवाने कन्सोलच्या ‘पॉलिसीज’ पानावरून, काहीही बंद न करता मांडता येते. पण ही रांग मांडली की माणसं निर्धास्त होतात आणि तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यात पडलेला प्रत्येक संदेश म्हणजे कुणाचं तरी न झालेलं काम आहे. मुख्य रांगेत हजारो असणं साधं असू शकतं. या रांगेत एक असला तरी सकाळी कुणीतरी तो उघडून वाचला पाहिजे.

उघडून वाचण्याचीही रीत आहे. कन्सोलवर ‘गेट मेसेजेस’ असं बटण असतं आणि त्याच्या वर एक इशारा छापलेला असतो: संदेश असे काढणं ही नासधूस करणारी क्रिया आहे. नुसतं बघायला म्हणून दाबलं आणि शेजारच्या यादीत ‘पोच देऊन काढा’ निवडलेलं असलं, तर बघता बघता संदेश गेला. ‘परत रांगेत ठेवा’ निवडलं तर राहतो, पण त्यावर पुन्हा दिल्याची खूण पडते आणि त्याची जागाही मागेपुढे होऊ शकते. चालत्या रांगेत हा खेळ करू नये.

ब्रोकरची आपली पोटदुखी वेगळी. रॅबिटएमक्यूची स्मृती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली (जुन्या आवृत्त्यांत यंत्राच्या ४० टक्के, चौथ्या आवृत्तीपासून ६० टक्के), किंवा डिस्कवरची मोकळी जागा फारच कमी उरली, की तो धोक्याचा झेंडा उभारतो आणि पाठवणाऱ्यांकडून घेणंच बंद करतो. पाठवणारे कोसळत नाहीत, नुसते थबकतात. ‘कनेक्शन्स’ पानावर त्यांच्यापुढे ‘ब्लॉक्ड’ दिसतं. मूळ दुखणं एका रांगेचं असतं, शिक्षा त्या ब्रोकरवरच्या सगळ्या पाठवणाऱ्यांना होते, रांगेशी त्यांचा संबंध असो वा नसो. मीटरच्या वाचनांनी जागा व्यापली आणि पैसे भरल्याचे निरोप दारातच अडले, असं होतं ते यामुळे. डिस्कची मुळातली मर्यादा तर अवघी ५० एमबी आहे. प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर ती तशीच ठेवणं म्हणजे दुर्घटनेला आमंत्रण.

इशारे किती लावावेत यावर दूरसंचारवाल्यांनी आपल्या कितीतरी आधी विचार केला आहे. गाझियाबादमध्येच १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मदतीने दूरसंचार खात्याचं प्रगत प्रशिक्षण केंद्र, एएलटीटीसी, उभं राहिलं. त्याच संघाच्या एक्स-७३३ या मानकात बिघाडाच्या इशाऱ्यांच्या पायऱ्या लावून दिल्या आहेत: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग. आणि दुरुस्ती झाल्यावर ‘इशारा मागे’ हेही वेगळं कळवायचं. ब्रोकर सांभाळणाऱ्यांनी यातून घेण्यासारखं खूप आहे. रात्री माणसाला उठवावं ते घेणारे शून्यावर आले, धोक्याचा झेंडा लागला किंवा रांगेतल्या सर्वांत जुन्या संदेशाचं वय मर्यादेपलीकडे गेलं तरच. बाकीचं सकाळच्या यादीत टाकावं. शिवाय कन्सोलची स्मृती तुटपुंजी: रॅबिटएमक्यूच्या पडद्यावर फार तर दिवसभराचा आलेख मिळतो. गेल्या मंगळवारी याच वेळी रांग किती होती हे बघायचं तर आकडे प्रोमीथियसमध्ये साठवून ग्राफानावर काढावे लागतात. कन्सोल तत्काळ बघायला आणि हात घालायला. इतिहासाला तो पुरत नाही.

हात घालायचा म्हटलं की आज्ञांच्या रांगेकडे यावं लागतं. वाचनं मीटरकडून येतात. आज्ञा मीटरकडे जातात. वाचन उशिरा पोचलं तर बिल उशिरा. ‘वीज तोड’ ही आज्ञा उशिरा पोचली तर? सकाळी नऊला शिल्लक संपली, आज्ञा निघाली, जाळं बंद असल्याने रांगेत पडून राहिली. दहाला ग्राहकाने पैसे भरले. अकराला जाळं परत आलं आणि मीटरने इमानेइतबारे नऊची आज्ञा पाळली. म्हणून अशा संदेशावर आयुष्याची मर्यादा हवी: इतक्या मिनिटांत पोचला नाही तर रद्द. हीही मर्यादा कन्सोलवरून रांगेला लावता येते. मात्र तीच मर्यादा पैशाच्या रांगेला लावली तर लोकांचे भरलेले पैसे मुदत संपून वाऱ्यावर जातील.

दुरून दिलेली आज्ञा काय करू शकते हे उत्तर प्रदेशाने १२ ऑगस्ट २०२० रोजी पाहिलं. जन्माष्टमीचा दिवस. राज्यातल्या अनेक शहरांमध्ये सुमारे दीड लाख स्मार्ट मीटरांनी एकाएकी वीज तोडली. तारा शाबूत, रोहित्रं शाबूत, शेजारच्या जुन्या मीटरवाल्याकडे दिवे चालू. यंत्रणेतून चुकीची आज्ञा सुटली होती. सणाच्या रात्री अनेकांकडे वीज परत यायला कित्येक तास गेले. चौकशी बसली, प्रकरण राज्याच्या विशेष कृती दलाकडे गेलं आणि नवे मीटर बसवण्याचं काम थांबवावं लागलं.

त्या घटनेकडे मी एका वेगळ्या प्रश्नासाठी बघतो. दीड लाख आज्ञा निघत असताना कुणाला तरी ते दिसावं आणि मधेच थांबवता यावं, यासाठी काय लागतं? रांग ओतली तशी वाहू दिली तर थांबवायला वेळच मिळत नाही. वीज तोडण्यासारख्या आज्ञांना मुद्दाम अरुंद तोंड ठेवावं लागतं: मिनिटाला काही शेकडा, त्याहून जास्त नाही. मिनिटाला ३०० चा वेग असेल तर दीड लाखांना ५०० मिनिटं लागतात, म्हणजे आठ तासांहून जास्त. आणि पहिल्या दहा मिनिटांत फक्त ३,००० घरं अंधारात जातात. तेवढ्यात तक्रारींचे फोन सुरू होतात आणि कुणीतरी कन्सोलवर जाऊन रांग रोखू शकतं. एरवी संथ रांग हा दोष. इथे तोच बचाव.

रोखायचं कसं, हेही आधी ठरलेलं असावं. ॲक्टिव्हएमक्यूच्या कन्सोलवर रांगेच्या एकाच ओळीत ‘पॉझ’, ‘पर्ज’ आणि ‘डिलीट’ हे तिन्ही दुवे शेजारी-शेजारी असतात. पॉझ केलं तर वाटप थांबतं, संदेश राहतात. पर्ज केलं तर रांग रिकामी होते. डिलीट केलं तर रांगच जाते. तीन शब्दांमध्ये बोटभराचं अंतर आणि दाबणाऱ्याचा हात आधीच थरथरत असतो. चुकीच्या आज्ञांची रांग पर्ज करणं योग्यच. पण रॅबिटएमक्यूमध्ये पर्जने फक्त रेडी संदेश जातात, घेणाऱ्यांच्या हातातले अनॲक्ड तसेच राहतात आणि पुढे निघतात. म्हणून आधी घेणारे बंद करायचे, त्यांच्या हातातले संदेश परत रांगेत आले हे बघायचं, मग पर्ज. उलट क्रमाने केलं तर रांग शून्य दिसते आणि तरी आणखी काही घरांची वीज जाते.

आणि ही बटणं दिसावीत कुणाला? रॅबिटएमक्यूमध्ये वापरकर्त्यांना चार दर्जे देता येतात: नुसता कन्सोल बघणारा, धोरणं लावणारा, सगळ्या यंत्रणेवर नजर ठेवणारा आणि प्रशासक. रात्रपाळीच्या माणसाला नजर ठेवण्याचा दर्जा पुरतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रशासकाचं एकच खातं असतं आणि त्याचा पासवर्ड टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे मुळात दिलेलं नावच चालू ठेवणं. रॅबिटएमक्यूचं ‘गेस्ट-गेस्ट’ हे जोडनाव आता फक्त त्याच यंत्रावरून चालतं, ही निर्मात्यांची कृपा. ॲक्टिव्हएमक्यूचं ‘ॲडमिन-ॲडमिन’ अजून कितीतरी ठिकाणी जसंच्या तसं सापडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हएमक्यूत एक भोक उघड झालं, तीव्रता दहापैकी दहा. पासवर्डची गरजच नव्हती. ब्रोकरचं ६१६१६ हे पोर्ट इंटरनेटवरून गाठता आलं की सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येई. दुरुस्ती निघाली, पण ती न चढवलेल्या सर्व्हरांवर काही दिवसांतच खंडणीखोर सॉफ्टवेअर पोचलं. ब्रोकर आणि त्याचा कन्सोल यांपैकी काहीही उघड्या इंटरनेटवर ठेवायचं नाही. व्हीपीएनच्या आत, कंपनीच्या जाळ्यात.

बिघाड सुधारल्यावर अडगळीच्या रांगेतले संदेश परत मुख्य रांगेत न्यायचे असतात. रॅबिटएमक्यूमध्ये शॉव्हेलचं प्लगइन असेल तर कन्सोलवर ‘मूव्ह मेसेजेस’ची पेटी उघडते, रांगेचं नाव लिहिलं की सगळे संदेश एका दमात तिकडे जातात. एका दमात हीच अडचण. ४० हजार संदेश एकाएकी आले तर नुकता सावरलेला डेटाबेस पुन्हा आडवा होतो, शिवाय त्यातले काही शिळे झालेले असतात: ज्याने मधल्या काळात दुसऱ्यांदा पैसे भरले त्याचा पहिला निरोप, जो मीटर बदलून टाकला त्याच्या नावाची आज्ञा. आधी ते गाळून घ्यावेत, मग शंभर-दोनशे संदेश वेगळ्या रांगेतून सोडून पोच येते का बघावं, आणि मगच बाकीचे. या सगळ्याची नोंद कुणाच्या नावे झाली हे दुसऱ्या दिवशी विचारलं जातंच. एकच प्रशासक खातं वापरलं असेल, तर नोंदवहीत ‘ॲडमिनने रांग रिकामी केली’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्या रात्री कन्सोल उघडून बसलेल्या चारही जणांचं नाव ॲडमिनच असतं.